रस्ता कुणाचा, दिवा कुणाचा? इंग्लंडात नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडात बिऱ्हाड थाटल्यावर काउन्सिल टॅक्सचं बिल येतं. भाड्याने राहणाऱ्यांनीही ते साधारणपणे स्वतःच भरायचं असतं. त्यावर एका काउन्सिलचं नाव असतं आणि आपण समजतो की दिवा, खड्डा, पार्किंग सगळं हिच्याचकडे. पुण्या-ठाण्यात महापालिकेकडे बोट दाखवायची सवय असते ना! इथे आधी रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते बघायचं.

रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी एकच काउन्सिल सगळं सांभाळते. एसेक्स किंवा हर्टफर्डशायरमध्ये मात्र रस्ते आणि त्यांवरचे बहुतेक दिवे काउंटी काउन्सिलकडे, तर कचरा आणि सार्वजनिक कार पार्क डिस्ट्रिक्ट किंवा बरो काउन्सिलकडे. गावाकडे काही खांब पॅरिश काउन्सिलचे, म्हणजे गावपातळीवरच्या काउन्सिलचे, निघतात. लंडनमध्ये ३२ बरो आणि सिटी ऑफ लंडन आपापले रस्ते बघतात, पण कडेला लाल रेघा असलेले मोठे रस्ते ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचे. मोटरवे नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे. सध्या बऱ्याच काउंट्यांमध्ये दोन थरांची एकच काउन्सिल करायचं घाटतंय, म्हणून मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. सरकारी संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकला की कोणतं काम कुणाचं ते कळतं.

दिव्यांचं सोपं आहे. बहुतेक खांबांवर नंबर असतो. तो टिपा, काउन्सिलच्या साइटवर तक्रार नोंदवा आणि मिळालेला रेफरन्स नंबर जपून ठेवा. फिक्समायस्ट्रीट या साइटवर नोंदवलं तरी तक्रार योग्य काउन्सिलकडे जाते. बल्ब किंवा फिटिंग बिघडलं असेल तर लवकर होतं. जमिनीखालची केबल गेली असेल तर ते काम वीजवितरण कंपनीचं, मग धीर धरा. काही भागांत पैसे आणि वीज वाचवायला मध्यरात्रीनंतर दिवे मुद्दामच बंद ठेवतात. सगळी गल्ली एकदम अंधारात दिसली तर तक्रारीआधी वेळापत्रक बघा. रात्रपाळी करणाऱ्यांनी तर घर पसंत करतानाच बघावं.

आता पार्किंग, कारण नवीन माणसाचे पैसे इथेच जातात. फ्लॅट बघताना एजंटला दोन प्रश्न विचारा: हा भाग सीपीझेडमध्ये, म्हणजे नियंत्रित पार्किंगच्या हद्दीत येतो का, आणि या पत्त्याला रहिवासी परमिट मिळतं का? दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लंडनमधल्या अनेक नव्या इमारतींना बांधकामाची परवानगीच ‘कार-फ्री’ या अटीवर मिळालेली असते. समोरच्या जुन्या घरांना परमिट आणि तुम्हाला नाही, असं होतं. काउन्सिलकडे गयावया करून उपयोग नसतो. एजंट ‘मिळून जाईल’ म्हणाला तर काउन्सिलच्या साइटवर पत्ता स्वतः तपासा. घर बदलताना दारासमोर व्हॅन लावायची असेल तर ती जागा राखून ठेवायचा अर्ज बरेच दिवस आधी करावा लागतो.

दुहेरी पिवळी रेघ म्हणजे तिथे गाडी कधीच उभी करायची नाही. एकेरी रेघेची वेळ पाटीवर असते, पण सीपीझेडमध्ये ती पाटी हद्दीच्या सुरुवातीलाच लागते, प्रत्येक गल्लीत नाही. लंडनमध्ये फूटपाथवर चाक चढवायला १९७४ च्या कायद्यापासून बंदी आहे. पाटीने मुभा दिली असेल तेवढाच अपवाद. ‘पाचच मिनिटं’ हे कारण वॉर्डन ऐकत नाही. आणि तो पोलीस नसतो, काउन्सिलचा किंवा तिच्या कंत्राटदाराचा माणूस असतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका, पाटीचे आणि रेघेचे फोटो काढा.

काचेवर पीसीएन, म्हणजे पार्किंगच्या दंडाची नोटीस, लागलंच तर आधी ते कुणाचं ते वाचा. काउन्सिलचं आणि सुपरमार्केटच्या आवारातल्या खासगी कंपनीचं, दोन्ही कागदांवर हीच अक्षरं असतात. पहिला कायद्याने लावलेला दंड, दुसरी कंपनीची करारावर आधारलेली मागणी. अपिलाची वाटही निराळी. काउन्सिलचा पार्किंग दंड लंडनबाहेर ५० किंवा ७० पौंड असतो, लंडनमध्ये १६० पर्यंत जातो. १४ दिवसांत भरला तर निम्मा. चूक त्यांची वाटत असेल तर पैसे भरू नका, कारण भरले की प्रकरण मिटलं. त्याच १४ दिवसांत लेखी हरकत घ्या. ती फेटाळली तरी निम्म्याची सवलत सहसा पुन्हा देतात. त्यानंतर मालकाच्या नावे नोटीस येते, २८ दिवसांत रीतसर म्हणणं मांडायचं. तेही नाकारलं तर स्वतंत्र न्यायाधिकरण आहे आणि तिथे अपील फुकट आहे. पैसे दिलेल्या वेळेनंतर काउन्सिलच्या जागेत १० मिनिटांची मुभा असते, हेही लक्षात ठेवा.

गप्प बसणं मात्र महागात पडतं. रक्कम दीडपट होते, पुढे वसुलीवाले दारात. ओळखीतल्या एका जोडप्याने घर बदललं आणि गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, पत्ता तसाच राहिला. सगळ्या नोटिसा जुन्या घरी जात राहिल्या. बँकेला नवा पत्ता कळवाल त्याच दिवशी डीव्हीएलए या वाहननोंदणीच्या सरकारी खात्यालाही कळवा.

बसची तक्रार काउन्सिलकडे नेऊन फार काही हाती लागत नाही. १९८६ पासून लंडनबाहेर बहुतेक बस खासगी कंपन्या चालवतात. रेडिंग आणि नॉटिंगहॅमसारख्या मोजक्या शहरांत कंपनी काउन्सिलच्या मालकीची आहे, आणि मँचेस्टरने २०२३ ते २०२५ मध्ये बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. भारतातून भेटीला आलेल्या आई-बाबांना ज्येष्ठांचा मोफत पास मिळत नाही, तो इथल्या रहिवाशांसाठी आहे.

दिव्याच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद बांधलेला दिसला तर थांबून वाचा. नवी पिवळी रेघ किंवा परमिटची हद्द आखण्याआधीची ती जाहीर सूचना असू शकते. हरकतीला साधारण २१ दिवस मिळतात आणि भाडेकरूंच्या हरकतीही धरतात. वॉर्डच्या काउन्सिलरला ईमेल केली तर उत्तर येतं, मात्र दंड माफ करून देणारा नगरसेवक इथे शोधू नका.

आणखी एक, जे आपल्या लोकांना अनेक वर्षं राहूनही माहीत नसतं: वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून, काउन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं. नाव ऑनलाइन नोंदवा. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि आपला भारतीय पासपोर्ट चालतो.