जुन्या फॉक्सप्रोचा रिपोर्ट नव्या प्रिंटरवर कसा छापावा

डॉस या जुन्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो या डेटाबेसमधला हिशेबाचा प्रोग्रॅम अजून बिनचूक तेरीज (खात्यांच्या बेरजांचा गोषवारा) काढतो, पण संगणक बदलला की छपाई बंद पडते. अशा वेळी ‘नवीन सॉफ्टवेअर घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. कारकुनापासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांच्या नजरेत बसलेली खतावणीची मांडणी जपण्यासारखी असते, आणि मूळ हिशेबाला धक्का न लावता छपाई तेवढी बदलता येते.

आधी अख्ख्या फोल्डरची नक्कल करा. मूळ माहितीच्या डीबीएफसोबत मेमोची (लांब मजकुराची) एफपीटी, इंडेक्सची सीडीएक्स, रिपोर्टची एफआरएक्स आणि एफआरटी या फायली आल्याच पाहिजेत. पुढचे सगळे काम नकलेवर करा. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली एखादी तेरीजही जपून ठेवा.

६४ बिटी विंडोजवर १६ बिटी डॉस प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, म्हणून डॉसबॉक्स-एक्स हा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम बसवून त्यात आपला हिशेबाचा प्रोग्रॅम चालवा.

आता रिपोर्ट कागदाऐवजी फायलीत उतरवा. प्रोग्रॅमचा सोर्स (मूळ लिहिलेल्या आज्ञा) हाताशी असेल तर ‘रिपोर्ट फॉर्म’च्या ओळीत ‘टू प्रिंटर’ऐवजी ‘टू फाइल’ आणि फायलीचे नाव लिहा. सोर्स नसेल तर डॉसबॉक्स-एक्सच्या सेटिंगमध्ये पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची जोडणी) फायलीकडे वळवा.

ती फाइल डॉसच्या एडिटरमध्ये उघडली की पहिल्या ओळीत सूर्यासारखे चिन्ह दिसू शकते. तो कचरा समजू नका. तो कोड १५, म्हणजे ‘इथून बारीक टाइप’ ही प्रिंटरला दिलेली आज्ञा. १८ म्हणजे बारीक टाइप बंद, १२ म्हणजे पान बदला, २७ आणि त्यामागून ६९ म्हणजे ठळक. नवा लेझर प्रिंटर विंडोजच्या ड्रायव्हरमधून छापतो, त्याला या आज्ञा कळत नाहीत. म्हणून ती फाइल वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये घेऊन १२ जिथे असेल तिथे पान तोडा, बाकीचे कोड काढून टाका आणि टाइपचा आकार स्वतः ठरवा.

पानाचे गणित इथेच चुकते. ११ इंची कागदावर इंचाला ६ प्रमाणे ६६ ओळी बसत. ८० अक्षरांची ओळ असेल तर उभ्या ए४ वर कुरिअर न्यू १० पॉइंट, ओळींतले अंतर ११ पॉइंट ठेवा. ६६ ओळी आरामात बसतात. १३२ अक्षरांची ओळ आडव्या ए४ वर ९ पॉइंटात मावते, पण ६६ ओळी मावत नाहीत. तिथे रिपोर्टच्या पानाची लांबीच ५० ओळी करा.

मराठी नावे असतील तर जास्त जपावे लागते. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संस्थेच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायच्या भारतीय लिप्यांच्या कार्डावर) टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या कोडमध्ये असतो, नव्या संगणकावर तो अगम्य दिसतो. मात्र अख्खी फाइल एकदम युनिकोड या आजच्या कोडमध्ये नेऊ नका. फॉक्सप्रो रकाना बाइट (साठवणीतल्या जागा) मोजून भरतो. युनिकोडमध्ये ‘श्रीकृष्ण’ची लांबी बदलते आणि पुढचा रकमेचा रकाना सरकतो. आधी बाइटच्या जागेवरून ओळीचे रकाने तोडा, मग नावाचा रकाना तेवढा युनिकोड करा आणि सगळे तक्त्यात मांडा. रकमा उजवीकडून जुळवा.

शेवटी जपून ठेवलेली तेरीज आणि त्याच तारखेची नवी छापील प्रत शेजारी ठेवा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने खूण करायची. प्रत्येक पानाची बेरीज आणि ‘मागील पानावरून’ची रक्कम पैशापर्यंत जुळेपर्यंत जुना प्रिंटर काढू नका.