स्कीची नवी जोडी घेण्याआधी

कोल्हापुरात स्कीचं दुकान नाही. चप्पल घ्यायची तर चप्पल लाइनीत शिरायचं, पायात घालून चार पावलं चालायचं, करकर वाजते का ऐकायचं आणि मग भाव करायचा. ही सोय स्कीला नाही. इथल्या माणसाला सगळं घरी बसून ठरवावं लागतं, आणि वस्तू हातात पडते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. आमच्या टोळक्यातले दोघे यंदा नवी ऑल-माउंटन, म्हणजे सगळ्या तऱ्हेच्या बर्फावर चालणारी, जोडी घेणार आहेत. दोघांच्या पाठीशी बारा-पंधरा हिवाळे आहेत, तेव्हा वळायचं कसं हे सांगायची गरज नाही. काय मोजायचं, काय विचारायचं तेवढंच लिहून देतो. नुकतंच शिकलेल्यांनी हे वाचून घाई करू नये. त्यांना अजून दोन वर्षं भाड्याचीच बरी.

पहिलं काम, वही काढा. गेल्या तीन फेऱ्यांत किती दिवस स्की केली आणि त्यातले किती दिवस कसल्या बर्फावर गेले, ते खरं खरं लिहा. रंकाळ्यावर भेळ खाताना सगळ्यांना फक्त ताज्या बर्फाचा दिवस आठवतो, म्हणून वही. माझ्या वहीत अठरा दिवस निघाले. गुडघाभर ताजा बर्फ तीन दिवस, झाडीतला तीन, सकाळचा कडक पाच आणि आदल्या दिवशीच्या लोकांनी तुडवून ढेकळं केलेला सात. जोडी कुणासाठी घ्यायची, हे तिथंच ठरलं. ती ढेकळांसाठी घ्यायची.

हे मी नुकसान सोसून शिकलोय. एका वर्षी गुलमर्गला दोन दिवस न थांबता बर्फ पडला, भाड्याच्या रुंद स्कीवर मी अक्षरशः तरंगलो आणि त्या धुंदीत ११२ मिलिमीटर कंबरेची, म्हणजे मधे तेवढी रुंद, जोडी मागवली. पुढच्या फेब्रुवारीत आठ दिवसांत एकदाही बर्फ पडला नाही. सकाळी काचेसारख्या उतारावर ती फळी कडेवर उभी करता करता गुडघे रडले. कारण साधं आहे. बुटाखालची कड पायाच्या मध्यरेषेपासून जितकी लांब, तितका फळी कलती करायला गुडघ्यावर पीळ जास्त. उद्यमनगरच्या कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

वहीच्याच पानावर तारखाही लिहा. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान असतं, कडाक्याची थंडी. तेव्हाचा बर्फ कोरडा आणि हलका. मार्चच्या सुट्टीत जाणाऱ्याला सकाळी गोठलेला, दुपारी खिचडी झालेला बर्फ मिळतो. शिवाय गोंडोलाच्या, म्हणजे वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, कुठल्या टप्प्यावर जास्त फिरता तेही बघा. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, कोंगदूरीचा पहिला टप्पा ३,०५० च्या आसपास, तर अफरवटचा दुसरा टप्पा थेट ३,९५० मीटरच्या घरात. खाली झाडी आणि दाबलेला उतार, वर उघडा कटोरा. एकच माणूस दोन्हीकडे फिरतो म्हणून तर ऑल-माउंटन हवी, पण तिच्यातही कुठलं पारडं जड हे ठरवावंच लागतं.

आता कंबर, म्हणजे स्कीची मधली, सर्वांत अरुंद रुंदी. स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, समजा १३२-९६-११९. पुढचं टोक, कंबर, मागचं टोक, सगळं मिलिमीटरमध्ये. ऑल-माउंटन म्हणून जे विकलं जातं ते साधारण ८४ ते १०० मध्ये बसतं. दाबलेल्या उतारावरच रमणाऱ्याने ८८ च्या आसपास राहावं. वहीत ढेकळं आणि झाडी जास्त निघाली तर ९४ ते ९८. शंभराच्या वर जायचं तर घरी एक कडक बर्फाची जोडी आधीच आहे ना, हे स्वतःला विचारा. मी आता ९६ वर थांबलोय.

लांबीचा नियम शिकताना ऐकलेला असतो, हनुवटीपर्यंत. तो विसरा, तो शिकाऊंचा. सराव असलेल्याची ऑल-माउंटन नाकापासून डोक्यापर्यंत कुठेही चालते आणि वजन व वेग जास्त असेल तर डोक्याच्या वरही जाते. इथं रॉकर, म्हणजे टोकाचा उचललेला बाक, बघायचा. टोक आधीपासूनच वर उचललेलं असेल तर कडक बर्फाला टेकणारी कड छापलेल्या लांबीपेक्षा कमी असते, त्यामुळे तशी स्की चार-पाच सेंटीमीटर लांब घेतली तरी जड वाटत नाही. माझी उंची १७२, वजन ७८ किलो, स्की १७७ ची. वळणाच्या त्रिज्येचा आकडाही स्कीवरच असतो. १४-१५ मीटरवाली पटपट वळते, १८-१९ वाली लांब, शांत वळणं घेते. झाडीत जाणाऱ्याने १६-१७ च्या आसपास राहिलेलं बरं.

आतल्या मालाबद्दल सगळे टायटॅनल, टायटॅनल करतात. नावावरून टायटेनियम वाटतं, पण तो ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू. लाकडी गाभ्याच्या वर आणि खाली त्याचे अर्धा मिलिमीटरच्या आसपासचे पत्रे चिकटवलेले असतात. पत्र्यामुळे फळी पिळत नाही आणि थरथर मरते, म्हणून वेगात, ढेकळांत ती इमानदार राहते. पण वजन वाढतं, आणि दुपारी चारला मांड्या संपल्यावर तीच फळी तुम्हाला खेचत नेते. पूर्ण पत्र्याची, अर्ध्या पत्र्याची आणि बिनपत्र्याची अशा तिन्ही मिळतात. पन्नाशीच्या आसपासच्यांनी अर्ध्या पत्र्याचा विचार करावा. हे मत माझं आहे, आमच्यातल्या एकाला ते अजिबात पटत नाही. आणि नावांना भुलू नका. फोल्कलची ‘मंत्रा’ आहे, ब्लिझर्डची ‘ब्रह्मा’ बरीच वर्षं बाजारात होती. आपल्याकडे असं नाव ऐकलं की हात आपोआप जोडले जातात. पण ब्रह्मा ८८ ची आणि मंत्रा ९६ ची, दोघींचं काम वेगळं.

घेण्याआधी चालवून बघायची संधी एकच, भाड्याची. यंदाच्या फेरीत पहिले दोन दिवस यासाठी काढून ठेवा. रुंदीने वेगवेगळ्या तीन जोड्या, एकाच दिवशी, त्याच उतारावर. जोडी ताब्यात घेताना कडेवर अंगठ्याचं नख हलकं ओढा. नखाचा भुगा निघाला तर कड धारदार. नाही निघाला तर कडक बर्फावर त्या स्कीला शिव्या घालू नका, दोष पाजळणाऱ्याचा आहे. प्रत्येक वेळी उतरून आल्यावर खाली उभं राहूनच वहीत दोन ओळी लिहा. कहवा प्यायला बसलात की तिन्ही जोड्यांची खिचडी होते.

बुटांचं आधी बोलायला हवं होतं, पण दोघांचे बूट चांगले आहेत म्हणून राहिलं. बूट ढिला असेल तर नव्या स्कीचे पैसे बुटात घाला. बुटाच्या टाचेजवळ तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, माझी ३०५. बुटाच्या नंबराचा त्याच्याशी थेट संबंध नाही, दोन कंपन्यांच्या एकाच नंबराच्या बुटांचे तळवे वेगळे निघतात. आकडा झिजला असेल तर वर्कशॉपातली युक्ती करा. त्यावर खडू घासा, वरवर पुसा, कोरलेल्या रेषांत खडू राहतो आणि आकडा उठून दिसतो. फोटो काढून ठेवा. हा एक आकडा चुकला की पुढचं सगळं चुकतं.

कारण पुढचं म्हणजे बाइंडिंग, बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट कधी सुटायचा हे त्याचा स्प्रिंग ठरवतो आणि त्याचं सेटिंग वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि तुमची चालवण्याची पद्धत यांवरून तक्त्यात बघून काढतात. पन्नाशी गाठली की तक्त्यात एक ओळ सरकून आकडा कमी होतो. ते ऐकून आमच्यातल्या एकाने वय एकोणपन्नास सांगितलं होतं! असले प्रकार करू नका, पाय तुमचाच आहे. आपल्या वजनाच्या माणसाला १६ पर्यंत जाणारं बाइंडिंग नको. ४ ते १३ चं घ्या, म्हणजे सेटिंग पट्टीच्या मधोमध येतं. सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून बाइंडिंगला ब्रेक असतो, त्याची रुंदी कंबरेएवढी किंवा तिच्यापेक्षा थोडी जास्त, ९६ ला १०० चा ब्रेक बरोबर. अरुंद ब्रेक खाली उतरतच नाही, फार रुंद घेतला तर वळताना बर्फाला घासतो. बुटाचा तळवा जुन्या सपाट पद्धतीचा की ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा असा बाकदार, हे बघून त्याला चालणारंच बाइंडिंग मागवा.

आणि बसवायचं कुठं? आमच्या शेडमध्ये जोडी बघितल्या बघितल्या पोरगा म्हणाला, “मालक, दोन मिनिटांत होल मारतो.” मारलंही असतं, सुतात मारलं असतं. तरी नको. पत्र्याच्या स्कीला ४.१ मिलिमीटरचं ड्रिल, बिनपत्र्याच्या स्कीला ३.५ किंवा ३.६ चं, खोली साधारण ९. बहुतेक फळ्यांवर हे छापलेलंच असतं. होल कंपनीच्या जिगमधूनच, म्हणजे ड्रिलला नेमकी जागा दाखवणाऱ्या साच्यातूनच, पडायला हवं, खोली वाढली तर तळ फुटतो. स्क्रू दिसतो फिलिप्ससारखा, पण असतो पोझिड्राइव्ह नंबर ३. साधा स्क्रूड्रायव्हर लावलात की डोकं गोल झालंच म्हणून समजा. शिवाय बसवल्यावर सुटण्याचा जोर यंत्रावर तपासावा लागतो, ते यंत्र आपल्याकडे नाही. जिथून स्की घ्याल तिथंच बूट नेऊन बसवून घ्या. परदेशातला भाचा किंवा पुतण्या आणणार असेल तर त्याला खडूचा फोटो, वजन, उंची आणि खरं वय पाठवा. कस्टमची मर्यादा त्याने निघण्याआधी बघावी आणि बिल हातातल्या बॅगेत ठेवावं. मोसम संपताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिकडे किमती उतरतात. बऱ्याच मॉडेलांत वर्षागणिक वरचं चित्रच बदलतं, तेव्हा गेल्या वर्षीच्या चित्राला नाक मुरडू नका.

जोडी घरी आली की ट्यूबलाइटखाली दोन्ही तळ एकमेकांना लावून मधे दाबा. टोकाकडच्या टेकण्याच्या जागी दोन्ही बाजूंना सारखंच अंतर दिसायला हवं. मग स्टीलची पट्टी तळावर आडवी ठेवून, धारेवर उभी धरून उजेडाकडे बघा. खालून उजेड आला तर तळ सपाट नाही, लगेच कळवा. कडेचा कोन किती ठेवलाय, खालून १ अंश आणि बाजूने २ अंश आहे का, हे विचारून तेही वहीत लिहा. पुढच्या वर्षी धार लावणारा तेच विचारेल.

पावसाळ्याचं आत्ताच सांगून ठेवतो. जून ते सप्टेंबर इथल्या दमटीत कडा तांबारतात. फेरीवरून आलात की पुसून, वाळवून, तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, तसाच डिसेंबरपर्यंत राहू द्या. ओल्या पिशवीत घालून माळ्यावर टाकलेली जोडी दसऱ्याला काढाल तेव्हा केशरी निघेल.

पिशवी १७७ च्या स्कीला १८५ ची तरी लागते. बाइंडिंगसह जोडीचं वजन सहा-सात किलो धरा, बुटांचे चार किलो वेगळे, आणि विमान कंपनीला लांब सामानाबद्दल तिकीट काढण्याआधी विचारा, नंतर नाही. पुण्या-मुंबईपर्यंत ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर डिकीत आडवी बसते का ते आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन बघून या. रिक्षात ती बसत नाही. गेल्या वर्षी मी एक टोक बाहेर काढून स्टेशन रोडला निघालो होतो, तर प्रत्येक सिग्नलला मागचा माणूस विचारत होता, “काय हो, पडद्याचे पाइप काय?” यंदा छोटा हत्ती सांगितलाय, पहाटे पाचला, दोघांच्या दारावरून येईल.