एक्स्चेंज सेमिस्टरला निघालात? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की माझ्या टेबलासमोर रांग लागते. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात परदेशी एक्स्चेंजच्या, म्हणजे एक सेमिस्टर परदेशी विद्यापीठात शिकायला जाणाऱ्यांच्या, फायली मी बघते. त्यामुळे जाणारी मुलं माझ्यासमोरून जातात आणि तोंड पाडून परतलेलीही माझ्याकडेच येतात. जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न विषयांचा नसतो, क्रेडिटचा तर नसतोच. "मॅडम, शनिवार-रविवार धरून किती देश होतील?" व्हिसाच्या अपॉइंटमेंटचा पत्ता नसतो, पण पॅरिस, प्राग, बार्सिलोनाची रंगीबेरंगी एक्सेल शीट तयार असते. हिंडायला माझी ना नाही, वीस-एकवीस वर्षांचं पोर युरोपात जाऊन खोलीत बसणार आहे का? पण त्या शीटमध्ये व्हिसा कधी संपतो आणि परीक्षा कधी आहे, हे दोन रकाने असावेत एवढीच माझी मागणी आहे. अजून तरी ते मला दिसलेले नाहीत.

आमची बहुतेक मुलं जर्मनीला जातात, म्हणून खालची उदाहरणं जास्त करून तिकडची आहेत.

विषय बदलला, पण इकडे कळवलं नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक. जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट होतं. तिकडे कोणते विषय घेणार, ते इकडच्या कोणत्या विषयांच्या जागी धरणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावर सह्या तिघांच्या: विद्यार्थ्याची, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची. युरोपात सेमिस्टरला साधारण ३० ईसीटीएस (युरोपातली सामाईक पद्धत) क्रेडिट धरतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. इथवर सगळं ठीक असतं. तिकडे पोचल्यावर कळतं की दोन विषयांची वेळ एकच आहे, तिसरा या सेमिस्टरला शिकवतच नाहीत आणि चौथा जर्मन भाषेत आहे. मग मुलं हाताला लागेल तो विषय घेतात.

आमची एक मुलगी, घणसोलीची, अभ्यासात पहिल्या पाचात. तिने असेच दोन विषय बदलले. तिकडचे प्रोफेसर "काही हरकत नाही" म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने खरंच हरकत नव्हती. मार्चअखेर ती परत आली ती उत्तम ग्रेड घेऊन. ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे तिकडची गुणपत्रिका, परीक्षा विभागात गेली आणि घोडं अडलं. तिने घेतलेले दोन विषय अ‍ॅग्रीमेंटमध्ये नव्हते, आणि अ‍ॅग्रीमेंटमधल्या ज्या विषयाच्या बदल्यात इकडचा सक्तीचा पेपर सुटणार होता तो तिने केलेलाच नव्हता. वर आणखी एक गंमत झाली. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. आमच्या क्लार्कने १.३ हा आकडा बघितला, दहापैकी १.३ असं समजून कपाळाला हात लावला आणि मला विचारलं, "ही मुलगी तिकडे नक्की करत काय होती?" ग्रेडचा घोळ एका पत्राने मिटला. सक्तीच्या पेपरचा मिटला नाही. तिकडे अव्वल आलेली मुलगी इकडे ज्युनिअरबरोबर केटीसारखी परीक्षेला बसली. तिचे बाबा येऊन माझ्यावर ओरडून गेले. प्रोफेसरांचा होकार कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तोंडी दिला होता, मॅडम."

तोंडी! अहो, सोसायटीत पार्किंग बदललं तरी आपण सेक्रेटरीकडून लेखी घेतो.

माझी पद्धत साधी आहे आणि मुलांना ती कटकटीची वाटते. विषय बदलायचा विचार मनात आला की त्याच दिवशी नव्या विषयाचा अभ्यासक्रम पीडीएफ करून एचओडींना ईमेल करायचा, मला प्रत ठेवायची. एचओडींचा होकार आल्यावर बदललेल्या विषयांचा फॉर्म भरून पुन्हा तिघांच्या सह्या घ्यायच्या. एचओडी आठवडाभर उत्तर देत नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून तर मला प्रत ठेवायची. मी त्यांच्या केबिनबाहेर उभी राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा मी होकार धरत नाही, आणि परीक्षा विभाग तर त्याहून धरत नाही. ट्रान्सस्क्रिप्टबरोबर तिकडच्या ग्रेड पद्धतीचा खुलासा करणारं पानही मागून आणा.

याच्याच शेजारची चूक म्हणजे परीक्षेची नोंदणी. आपल्याकडे फॉर्म भरायची तारीख जवळ आली की कॉलेज मागे लागतं. जर्मन विद्यापीठात कुणी मागे लागत नाही. वर्गात रोज बसलात तरी परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळं नाव नोंदवावं लागतं, आणि त्याची मुदत गेली की गेली. "पण मी एकही लेक्चर बुडवलं नाही" हे तिथे कुणाला ऐकवणार?

आणि तारखा. तिकडचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चर साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि बऱ्याच परीक्षा त्यानंतर. इकडे आपलं पुढचं सेमिस्टर तोवर निम्मं सरकलेलं असतं. त्याची सोय जायच्या आधी विभागाशी बोलून करा. स्वस्त मिळालं म्हणून १० फेब्रुवारीचं परतीचं तिकीट काढणारे दरवर्षी असतात आणि तिकीट बदलायचे पैसे दरवर्षी घरूनच येतात.

दुसऱ्याच्या पासपोर्टचा सल्ला

ही चूक अलीकडे फार वाढली आहे, कारण सल्ला आता व्हिडिओतून मिळतो.

ठाण्याच्या एका मुलाने सेमिस्टर संपता संपता मला आनंदाने आपला बेत पाठवला: स्पेन, मग इटली, मग ग्रीस, आणि अथेन्सहून मुंबई. तीन-साडेतीन आठवड्यांचा. मी विचारलं, "व्हिसा कधीपर्यंत आहे?" तो म्हणाला, "तो संपतोय मॅडम, पण त्यानंतर टूरिस्ट म्हणून ९० दिवस मिळतात ना." कोण म्हणालं? एका अमेरिकन विद्यार्थ्याचा व्हिडिओ होता.

आता हे नीट वाचा. अमेरिकन माणसाला शेंगेन भागात, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. म्हणून त्याचा विद्यार्थी परवाना संपला तरी तो पाहुणा म्हणून राहू शकतो. भारतीय पासपोर्टवर पाहुणा व्हायलाही व्हिसा लागतो. तुमचा लांब मुदतीचा व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट ज्या तारखेला संपतं, त्या तारखेला तुमचा युरोप संपला. परमिट चालू असताना इतर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस हिंडता येतं, हा तो नियम. लोक त्याच्यातला ९० आकडा उचलतात आणि बाकीचं वाक्य सोडून देतात. मुदतीपलीकडे राहिलात तर दंड होऊ शकतो, प्रवेशबंदी लागू शकते, आणि पुढे मास्टर्ससाठी व्हिसा मागाल तेव्हा ते प्रकरण पुन्हा वर येतं.

त्या मुलाने स्पेन आणि इटलीची तिकिटं पाण्यात घातली आणि मुदत संपायच्या आत म्युनिकहून घरी आला. पैसे गेले, पण पासपोर्ट स्वच्छ राहिला. तो अजून माझ्यावर थोडा रागावलेला आहे. चालेल.

शेंगेन म्हणजे अख्खा युरोप नव्हे, हेही सांगून सांगून माझा घसा बसला. सध्या त्यात २९ देश आहेत. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून आत आहे. बल्गेरिया आणि रुमानियाच्या जमिनीवरच्या सीमाही जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. लंडन नाही. डब्लिनही नाही, आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. पॅरिसहून लंडनची रेल्वे मिळते म्हणून ब्रिटनचा व्हिसा माफ होत नाही.

आणि पासपोर्ट बरोबर ठेवा. मूळ पासपोर्ट आणि परमिटचं कार्ड. मोबाइलमधला फोटो नको, डिजिलॉकर तर नकोच. "सीमा खुल्या आहेत" हे अर्धंच खरं आहे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला सकाळी जाऊन संध्याकाळी म्युनिकला परतणाऱ्या आमच्या एका ऐरोलीकराकडे फक्त कॉलेजचं ओळखपत्र होतं. पोलिसांनी बसमधून उतरवलं, त्याच्या रूममेटने मागच्या गाडीने पासपोर्ट आणून दिला तेव्हा सुटका झाली. ठाणे-वाशी लोकलने निघाल्यासारखं देश ओलांडू नये.

स्वस्त विमानं

वीस युरोत रोम बघून मुलांचे डोळे फिरतात. वीस युरोत फक्त तुम्ही आणि पायाजवळ मावेल एवढी पिशवी; बहुतेक ठिकाणी ती साधारण ४० × ३० × २० सेंटीमीटरची असते. नेहमीची दप्तरं यात बसत नाहीत, घरी टेपने मोजा. विमानतळाच्या नावावर भुलू नका. पॅरिस बोव्हे पॅरिसपासून ऐंशीहून जास्त किलोमीटरवर आहे, फ्रँकफर्ट हान फ्रँकफर्टपासून सव्वाशेच्या आसपास. तिथे पोचायच्या बसचे पैसे तिकिटात मिळवा आणि मग स्वस्त म्हणा. शिवाय काही कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांची कागदपत्रं काउंटरवर तपासतात. जर्मन मित्र थेट गेटवर जातो म्हणून तुम्ही त्याच्यामागे गेलात तर गेटवरून परत पाठवतात. मी तर रात्रीच्या रेल्वेची शिफारस करते, पण म्हाताऱ्या बाईचं ऐकतो कोण?

स्वयंपाक

तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपियन युनियनबाहेरून प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. आईने कढवलेलं तूप विमानतळावरच्या डब्यात जाताना बघवत नाही. ताजा हापूस आणि कढीपत्ताही नको, रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो. नारळ आणि केळं चालतं, कारण त्यांना सूट आहे. नारळ कोण नेणार ते मला माहीत नाही. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल न्या.

हॉस्टेलच्या किचनमध्ये मोहरी तडतडवण्यापूर्वी वर बघा, तिथे स्मोक अलार्म असतो. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि उगाच आलेल्या बंबाचं बिल खोलीच्या नावावर येतं. खिडकी उघडा, झाकण ठेवा, तेल धुरकटेपर्यंत तापवू नका. अलार्मवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणाऱ्यांशी मी बोलत नाही.

पैसे आणि बाकीचं, झटपट

एटीएम किंवा दुकानातलं मशीन "रुपयांत की युरोत" विचारेल. युरो दाबा, नेहमी. रुपयांत दाखवलेला दर गोड दिसतो आणि तोच महाग पडतो.

जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांनी महिन्याला ९९२च्या हिशेबाने रक्कम विचारून घ्या. ते एकदम काढता येत नाहीत, महिन्याला ९९२च मिळतात, आणि तिकडचं खातं चालू व्हायला वेळ लागतो. घराचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं वेगळं जवळ ठेवा.

"मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, आधी डिपॉझिट टाका" असं म्हणणारा घरमालक घरमालक नसतो. तिकडच्या कुणालातरी पाठवून खोली बघा.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंद करा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. नोंद झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फाडू नका. एका घराला एकच वर्गणी असते, रूममेटांत वाटून घ्या.

जाड जॅकेट तिकडेच घ्या. ठाण्याच्या मॉलमधलं जॅकेट माथेरानपुरतं.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद. शनिवारी दूध आणा.

निघताना

डॉइचलँडटिकिट हे महिन्याचं वर्गणीचं तिकीट आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. लोकल गाड्या, ट्राम, बस सगळीकडे चालतं, आयसीई या वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत नाही. मुलं ते घेतात आणि विसरतात. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढचा महिनाही कापला जातो, तुम्ही तोवर नेरुळला पोहे खात असलात तरी. मोबाइलचा करार आणि जिमचं तसंच.

पत्त्याची नोंद रद्द करा आणि त्याचा कागद घ्या. रेडिओ-टीव्हीची वर्गणी थांबवायला तोच लागतो. खोलीचे फोटो काढा, भिंती आणि बेसिनसकट, किल्ली दिल्याची पोच सहीनिशी घ्या. आणि बँक खातं निघायच्या घाईत बंद करू नका. डिपॉझिट परत यायला आठवडे, कधी महिनेही लागतात. बंद खात्यावरून ते परत गेलं की मग जर्मन घरमालकाला ईमेल लिहायला मुलं माझ्याच टेबलावर येऊन बसतात.