विज्ञानकथेचं ऑडिट: शंकेखोरांची बैठक कशी चालवावी

आमच्या विज्ञानकथेच्या बैठकीला १२ वर्षं झाली. महिन्यातून एकदा सात-आठ जण जमतो, एखादी कथा वाचून किंवा सिनेमा पाहून आलेलो असतो, आणि दोन तास त्यावर बोलतो. पहिलं दीड वर्ष मात्र ती बैठक नव्हती, पंचनामा होता. सगळे शास्त्र शिकलेले, ज्योतिषापासून चमत्कारी पाण्यापर्यंत कशावरच विश्वास न ठेवणारे. कथा उघडली की पहिलं वाक्य "हे शक्यच नाही", आणि शेवटचंही तेच. तीन जण गळाले. त्यातली एक जाताना मला म्हणाली, "तुम्हाला गोष्ट आवडतच नाही. आपलं बरोबर निघालेलं तेवढं आवडतं."

झोंबलं. मग पद्धत बदलली. तुमच्या ओळखीत असे चार-पाच शंकेखोर असतील, विज्ञानकथेचं वेडही असेल, आणि तरी एकत्र बसलं की सगळ्यांचं तोंड कडू होत असेल, तर ही पद्धत करून बघा. माझी नोकरी ऑडिटची होती. ३१ वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे शब्द तिथलेच येतील, चालवून घ्या.

सुरुवात उचलीपासून. प्रत्येक विज्ञानकथा निसर्गनियमांकडून थोडी उचल घेते. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान, कालयंत्र, मनातलं ऐकू येणं, असं काहीतरी. आमच्याकडे एका कथेला एक उचल मंजूर. बैठक सुरू होताना फळ्यावर लिहून टाकायचं: 'उचल: माणूस इथून तिथे क्षणात पाठवणारं यंत्र'. एकदा लिहिलं की त्यावर हरकत घ्यायची नाही. "असं यंत्र होऊच शकत नाही" म्हणणाऱ्याला आम्ही गप्प बसवतो, कारण ते लेखकालाही ठाऊक आहे.

हरकत घ्यायची ती उचल खर्च कशी केली यावर. खरी गंमत तिथेच आहे. त्या यंत्राच्या कथेत शेवटचा सगळा ताण एका बंद दारावर उभा होता. नायक आत, खलनायक बाहेर, दार काही फुटत नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, "ज्या जगात माणूस कुठेही क्षणात जातो, त्या जगात कुलपाचा धंदा चालतो कसा?" पुढचा पाऊण तास कसा गेला कळलंच नाही. तुरुंग कसे असतील, सरहद्दी राहतील का, घराला भिंती कशासाठी लागतील. प्रकाशापेक्षा वेगवान यानाचंही तसंच. सापेक्षतेचे नियम बाकी शाबूत ठेवले, तर अशा यानातून स्वतःच्याच भूतकाळात निरोप धाडता येतो. लेखकानं उचल घेतली प्रवासासाठी, पण तिच्यासोबत कालयंत्र फुकट घरी आलं आणि त्याला पत्ताच नाही. हे पकडण्यात जी मजा आहे ती "अशक्य" म्हणण्यात नाही.

हरकत घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही चूक दुरुस्त केली तर कथा पडते का? पडत नसेल तर हरकत बारीक पेन्सिलीनं समासात लिहायची आणि पुढे जायचं. अँडी वीअरच्या 'द मार्शन' या मंगळावर अडकलेल्या माणसाच्या कादंबरीतलं सुरुवातीचं वादळ आठवा. मंगळाचा वायुदाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, आणि हवेची घनता साधारण साठावा हिस्सा. वाऱ्याचा रेटा घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. म्हणजे तिथला ताशी १६० किलोमीटरचा वारा इथल्या ताशी २० किलोमीटरच्या झुळकीएवढा. त्यानं यान कलंडायची वेळ येणार नाही. पण लेखकानं स्वतःच हे कबूल केलंय, माहीत असून घेतलं म्हणून. म्हणजे ती चूक नाही, सही करून घेतलेली उचल आहे. आमच्या वहीत ती तशीच नोंदली गेली.

आता आकडेमोड. हे मला सगळ्यात आवडतं, आणि त्यासाठी मोठं गणित लागत नाही. फिरत्या चाकासारखं अंतराळस्थानक घ्या, ज्याच्या आतल्या कडेवर माणसं पृथ्वीसारखी चालतात. किती वेगानं फिरायला हवं? ९०० ला त्रिज्येनं भागा (त्रिज्या मीटरमध्ये), वर्गमूळ काढा. मिनिटाला तेवढ्या फेऱ्या. हिशेब ठोकताळ्याचा आहे, पण वादाला पुरतो.

एका सिनेमाच्या बैठकीला आम्ही पडद्यावरचं चित्र थांबवलं. दाराची उंची दोन मीटर धरली, कागदाची पट्टी कापली, ती पडद्यावर सरकवत सरकवत चाक मोजलं. त्रिज्या निघाली २५ मीटरच्या आसपास. ९०० भागिले २५ म्हणजे ३६, वर्गमूळ ६. मिनिटाला सहा फेऱ्या, म्हणजे दहा सेकंदांत एक. मग घड्याळ लावलं. पडद्यावरच्या चाकाला एक फेरी घ्यायला ४१ सेकंद लागले. एवढ्या निवांत चाकात वजन पृथ्वीच्या सहा टक्के भरतं, चंद्रावरच्या निम्म्याहूनही कमी. तिथे कप्तान ताडताड पावलं टाकत येतो, प्रत्यक्षात पहिल्याच पावलाला छताकडे निघाला असता.

इथे थांबू नका. चाक वेगानं फिरवून दिलं तर? मिनिटाला दोनाच्या वर फेऱ्या गेल्या की मान वळवताच बऱ्याच जणांना गरगरायला लागतं. शिवाय चाक लहान असेल तर डोकं केंद्राजवळ आणि पाय लांब, त्यामुळे दोघांचं वजन वेगळं. दहा मीटर त्रिज्येच्या चाकात उभं राहिलात तर डोक्यापाशी गुरुत्व पायापेक्षा १७ टक्क्यांनी कमी. मग दोन फेऱ्यांत भागवायला केवढं चाक हवं? ९०० भागिले ४, २२५ मीटर. त्या रात्री आम्ही दिग्दर्शकाला शिव्या न घालता त्याचं स्थानक नव्यानं बांधून दिलं. तेव्हापासून नियम: आकडा चुकलाय म्हणणाऱ्यानं बरोबर आकडा काढून द्यायचा.

पण शंकेखोराचा सगळ्यात मोठा धोका हा की आपली शंकाच बरोबर असणार असं तो धरून चालतो. माझंच सांगते. एका कथेत नायिका हेल्मेटशिवाय एका यानातून दुसऱ्यात जाते, दहा-बारा सेकंद उघड्या पोकळीत. मी तुटून पडले. रक्त उकळेल, शरीर फुटेल, लेखकाला साधं भौतिकशास्त्र येत नाही. बारावीतला एक मुलगा नवीनच यायला लागला होता, तो अवघडून म्हणाला, "मावशी, फुटत नाही." १९६६ साली नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या अंतराळपोशाखाची नळी सुटली. तो साधारण १४ सेकंद शुद्धीवर होता. शेवटचं त्याला आठवत होतं ते जिभेवरची लाळ बुडबुडताना जाणवल्याचं. कक्षात हवा भरली, तो उठला, धडधाकट. कातडी आणि रक्तवाहिन्या रक्ताला दाबून धरतात. पोकळीत जायची वेळ आली तर श्वास कोंडायचा नाही, सोडून द्यायचा, नाहीतर फुप्फुसं फाटतात. आणि त्या कथेतली नायिका उडी मारण्याआधी श्वास सोडते! लेखक माझ्याहून जास्त अभ्यास करून बसला होता. त्या दिवशी वहीत नवा रकाना आखला: 'मागे घेतलेल्या हरकती'. पहिली नोंद माझी.

हरकत नीट असेल तर ती कथेलाही उपयोगी पडते. लॅरी निव्हनची 'रिंगवर्ल्ड' १९७० साली आली. ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढं प्रचंड कडं, त्याच्या आतल्या बाजूला वस्ती. पुढच्या वर्षी विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनात अमेरिकेतल्या एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या जिन्या-बोळांतून "रिंगवर्ल्ड अस्थिर आहे" अशा घोषणा देत फिरले. त्यांचं बरोबर होतं. अखंड कडं ग्रहासारखं कक्षेत फिरत नाही. ते जरासं सरकलं की जवळची बाजू आणखी ओढली जाते आणि शेवटी ताऱ्याला जाऊन धडकते. शनीच्या कड्यांसाठी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं हे १८५९ मध्येच मांडून ठेवलं होतं. निव्हननं रुसून न बसता १९८० च्या पुढच्या कादंबरीत कड्याला तोल सावरणारी इंजिनं बसवली आणि कथानकच त्याभोवती गुंफलं. ('रिंगवर्ल्ड'च्या पहिल्या आवृत्तीत त्याचा नायक वाढदिवस लांबवायला पृथ्वीभोवती उलट्या दिशेनं जातो, तेही वाचकांनीच पकडलं.) आमच्या बैठकीतली हरकत अशी असावी असा प्रयत्न असतो. महिन्याकाठी एखादीच निघते.

आता जरा नाजूक मुद्दा. आपण विज्ञाननिष्ठ आहोत, आपल्याला कोण फसवणार, असं तुमच्या गटात वाटत असेल तर जॉन कॅम्बेलची गोष्ट एकदा सगळ्यांना वाचायला लावा. 'अस्टाउंडिंग' मासिकाचा हा संपादक लेखकांच्या विज्ञानावर कडक नजर ठेवणारा म्हणून नावाजलेला. त्याच मासिकाच्या मे १९५० च्या अंकात डायनेटिक्सचा, म्हणजे जुन्या आठवणी उकरून आजार बरे करण्याच्या दाव्याचा, लेख आला, कथा म्हणून नव्हे, मनाचं नवं शास्त्र म्हणून. पुढे अतींद्रिय शक्ती आल्या. मग हायरॉनिमसचं यंत्र आलं, वस्तूंतून निघणारी कुठलीशी अज्ञात ऊर्जा टिपतं म्हणे, त्याचा नुसता आराखडा कागदावर काढला तरी चालतो असं कॅम्बेल सांगू लागला. मग डीन ड्राइव्ह, मागे काहीही न ढकलता पुढे जाणारं इंजिन. म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमालाच रजा. दुसऱ्यांच्या वह्या काटेकोर तपासणारा माणूस स्वतःची वही उघडत नव्हता. ऑडिटमध्ये असले साहेब मी पाहिलेत.

त्याआधी १९४५ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज'नं जमिनीखाली राहणाऱ्या दुष्ट प्राण्यांच्या कथा 'सत्य' म्हणून छापायला सुरुवात केली. मासिकाचा खप वाढला, आणि आवाज कोणी उठवला? विज्ञानकथेच्याच चाहत्यांनी. ज्यांना परग्रहवासी मनापासून हवे असतात तेच "हे खोटं आहे" म्हणून पुढे येतात, या जमातीचं मला हेच आवडतं. १९७६ साली अमेरिकेत अलौकिक दावे तपासणारी समिती निघाली, तेव्हा गणिती कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरच्या सोबतीला संस्थापकांत विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह होताच. गार्डनरनं तर पुढे असिमॉव्हच्या नावाच्या विज्ञानकथा मासिकात वर्षानुवर्षं कोडी लिहिली.

यावरून आम्ही नियम केला: ज्यानं कथा सुचवली, पहिली हरकत त्यानंच घ्यायची. आवडत्या लेखकाची वही सगळ्यात आधी उघडायची. करून बघा, अवघड जातं. मी सुचवलेल्या कथेवर हरकत शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. शेजारच्यानं सुचवलेल्या कथेत चहूबाजूंनी दिसतात.

कधीतरी नवीन माणूस येतो आणि हळूच सांगतो की मी आकाशात काहीतरी पाहिलंय. हसू नका. आमच्यातले दोघे हसले होते, तो माणूस परत आला नाही. विचारा: किती वाजता, कुठल्या दिशेला, किती वेळ, जागेवर होतं की सरकत होतं, लुकलुकत होतं का. संध्याकाळी पश्चिमेला तासभर स्थिर असेल तर शुक्र तपासा. चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून मध्येच विझलं तर कृत्रिम उपग्रह तपासा. उत्तर नाही मिळालं तर वहीत 'नोंद अपुरी' लिहा, 'परग्रहवासी' नको आणि 'भास'ही नको. व्हाउचर नसलेल्या खर्चाला मी कधी चोरी म्हटलं नाही. व्हाउचर नाही, एवढंच लिहिलं.

बाकी किरकोळ. कादंबरीपेक्षा लघुकथा घ्या, सगळे वाचून येतात. दहापेक्षा जास्त माणसं नकोत. आणि पहिली २० मिनिटं हरकती बंद, प्रत्येकानं कथेतली आवडलेली एक जागा सांगायची. "काहीच आवडलं नाही" हे उत्तर चालत नाही. एका डॉक्टरांना सुरुवातीला फक्त मुखपृष्ठ आवडायचं, आता त्यांना आवरावं लागतं.

सध्या गाडी मुंगीवर अडलीय. कथेत सामान्य मुंगीच्या शंभरपट लांब मुंगी आहे. मी हरकत घेतली: लांबी शंभरपट झाली तर पायाची ताकद छेदाच्या क्षेत्रफळानं वाढते, दहा हजारपट, आणि वजन घनफळानं, दहा लाखपट. पाय मोडतील. तोच मुलगा, आता कॉलेजात आहे, म्हणाला की कथा छोट्या ग्रहावर घडते, तिथलं गुरुत्व शंभरावा हिस्सा धरा, हिशेब जुळतो. हरकत मागे घेतली, रकान्यात लिहिली. घरी येऊन मला सुचलं, एवढ्या क्षीण गुरुत्वाला हवा धरून ठेवता येणार नाही, मग मुंगी श्वास कसला घेते? हरकत पुन्हा उभी केली. पुढच्या बैठकीला तो ग्रहावर घुमट बांधून आणणार आहे म्हणे. घुमट म्हणजे दुसरी उचल धरायची की नाही, यावर आत्तापासूनच दोन तट पडलेत.