पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा: आधी भाता बघा

पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा, म्हणजे फिल्मच्या एकेका सुट्या मोठ्या शीटवर फोटो टिपणारा, सरळ ४ बाय ५ इंचांचा घ्या. ८ बाय १० ची निगेटिव्ह बघून मोह होतोच, पण एका शीटला चौपट फिल्म लागते आणि शिकताना शीट वाया जाणारच. एका दांड्यावर सरकणारा मोनोरेल कॅमेरा स्वस्तात मिळतो, हवा तसा वळतो, पण तो स्टुडिओतच बरा. अजिंक्यताऱ्यावर किंवा कासला पाठीवरून न्यायचा तर घडी होणारा फील्ड कॅमेरा हवा.

लेन्स बसते ती पुढची पट्टी वर सरकली आणि पुढे झुकली, एवढं सुरुवातीला पुष्कळ. कासच्या सड्यावर पायाजवळची फुलं आणि लांबचा डोंगर दोन्ही शार्प हवेत, तर हेच झुकणं कामी येतं. वारं सुटलं तर मात्र कॅमेरा तरी काय करणार!

जुना घेताना भाता, म्हणजे लेन्स आणि मागची काच यांना जोडणारी घड्यांची नळी, आधी तपासा. मागची काच काढून अंधाऱ्या खोलीत तो पूर्ण ताणा, आत मोबाइलचा टॉर्च धरा आणि घड्यांचे कोपरे बाहेरून न्याहाळा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी फिल्म धुरकटते. एखाददुसरं भोक काळ्या चिकटपट्टीनं बुजतं; जास्त असतील तर भाव पाडून मागा. लांबीही मोजा: १५० मिमी लेन्सनं फूल मूळ आकारात टिपायला ३०० मिमी ताण लागतो, वर दोन स्टॉप जादा एक्स्पोजर, म्हणजे चौपट प्रकाश. शटर १ सेकंदावर दाबून ऐका, जुनी शटरं तिथेच अडखळतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते, म्हणून टॉर्च तिच्यातूनही मारून बघा.