भिंगाशिवाय फोटो: जुन्या लॅपटॉपच्या पडद्याचा कॅमेरा

बेल लॅब्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये भिंग नसलेला कॅमेरा दाखवला: पुढं एलसीडी पडदा, मागं उजेड मोजणारा एकच सेन्सर. आमच्या हिंगणघाटकडे भंगारवाल्याजवळ फुटकी लॅपटॉपं पडलेलीच असतात. ज्याचा पडदा चालू आहे असं बघून घ्या.

पडद्यामागचा बॅकलाइट काढा. दोन्ही बाजूंच्या ध्रुवक फिल्म (एकाच दिशेनं कंप पावणारा उजेड जाऊ देणारे पापुद्रे) मात्र काढू नका, नाही तर नक्षी उमटणारच नाही. मध्ये ३ मिलिमीटरचे ३२×३२ चौकोन आखणारा प्रोग्राम लिहा आणि बाकी पडदा काळ्या कागदानं झाका. मागं १० सेंटिमीटरवर, काळ्या खोक्यात, छोटा फोटोडायोड (उजेडाची वीज करणारा भाग, हाच आपला सेन्सर) बसवा. एलडीआर (उजेडानं रोध बदलणारा भाग) नको, लई सुस्त असतो. पडद्यातून उजेड झिरपतो तो अगदी थोडा, म्हणून ॲम्प्लिफायर आणि १६ बिटचा एडीसी (माप आकड्यात बदलणारी चिप) लागतोच. खोक्याच्या फटी मन लावून बुजवा. अर्धं काम तेच.

समोर काळ्या कापडावर फुटलेलं कापसाचं बोंड ठेवा, उजेड बॅटरीवरच्या टॉर्चचा. लाईनीच्या बल्बचा उजेड थरथरतो, अन् लाईन कधी जाईल याचा नेम नाही.

आता उघड्या-बंद चौकोनांच्या यादृच्छिक नक्ष्या पडद्यावर एकेक दाखवा आणि दर वेळी डायोडवर पडलेला उजेड मोजा. प्रत्येकीनंतर तिची उलटी नक्षीही दाखवा आणि दोन्ही मापांची वजाबाकी ठेवा. स्थिर फालतू उजेड त्यात कटतो. चित्राचे ठिपके ३२×३२, म्हणजे शोधायचे आकडे १०२४, पण साधारण ३०० वजाबाक्यांत भागतं, कारण वेव्हलेटमध्ये (लहान-मोठ्या लाटांच्या बेरजेत मांडायची गणिती रीत) मांडलं की चित्रातले बहुतेक आकडे शून्याजवळ जातात. पायथॉनमध्ये एल-१ मिनिमायझेशन चालवा, म्हणजे मापांशी जुळणाऱ्या चित्रांतून ज्याच्या वेव्हलेट आकड्यांची (चिन्ह सोडून) बेरीज सगळ्यात कमी ते चित्र निघतं. चित्र धुरकट आलं तर आधी डायोड हलला का ते बघा.