नवी मुंबईत नवीन आलात आणि पोरांसाठी छोटं हायस्कूल बघताय, तर हे बघा

मी 2009 ला पाटणहून कोपरखैरण्याला आलो, मार्केटला माथाडीत. आता गावाकडून जो नवीन येतो तो हेच विचारतो की दादा, जवळच्या शाळेत दहावीला चौदाच पोरं आहेत, निकाल 86 टक्के, घालू का नको?

अरे चौदातली दोन नापास झाली की झाले 86. तीच दोन पोरं दोनशेच्या शाळेत असती तर 99 टक्के म्हणून बॅनर लागला असता. त्यामुळे एका वर्षाचा निकाल बघूच नका, पाच वर्षांचा मागा, बसले किती, पास किती, 60 च्या वर किती. आणि मुख्य म्हणजे आदल्या वर्षी नववीत किती होते ते विचारा. नववीतले वीस दहावीत चौदा झाले असतील तर ती सहा पोरं गेली कुठं? काही शाळा कच्च्या पोरांना नववीलाच दाखला हातात देतात आणि सांगतात 17 नंबर फॉर्म भरा, बाहेरून बसवा, मग निकाल शंभर टक्के. माझ्या मोठ्याला असंच काढलं, मला तेव्हा काही कळत नव्हतं, गप दाखला घेऊन घरी आलो, त्याचं अजून वाईट वाटतं. तुम्ही भांडा.

पट आणि शिक्षक किती हे युडायसच्या, म्हणजे सरकार सगळ्या शाळांची माहिती ठेवतं त्या साइटवर बघायला मिळतं, शाळेचा 11 आकडी नंबर असतो. अनुदानित शाळेत पटावरच संच मान्यता होते, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर होतात, पोरं कमी झाली की शिक्षकाचं पद जातं, म्हणून गणित-विज्ञानाला कायम शिक्षक आहे का तासिका तत्त्वावरचा, म्हणजे तासावर पैसे घेणारा, हे स्पष्ट विचारा.

धाकटीच्या वर्गात आगरी, साताऱ्याकडची, लमाणांची, यूपीची अशी सगळी मिळून सोळा पोरं होती. घरी भोजपुरी बोलणारी पोरगी मराठी निबंधात अडायची तर बाई मधल्या सुट्टीत घेऊन बसायच्या, साठच्या वर्गात कोण बसणार? गावाकडचं पोर पण तिथं लवकर रुळतं.

दाखल्याचं म्हणाल तर आठवीपर्यंत तो यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. शाळा बदलायची तर नववीच्या आधीच बदला आणि दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख गावातूनच नीट करून आणा, नाहीतर बोर्डाच्या फॉर्मच्या वेळी पाटणच्या चकरा होतात.